एकाच भिंतीला नवा रंग

घरमालकांचं एक ठरलेलं वाक्य असतं: ‘तुम्ही खिडक्याच उघडत नाही.’ मुंबई-ठाण्यात इमारतींची गळती शोधण्यात माझे बावीस पावसाळे गेले, पण हे वाक्य कानावर पडलं नाही असा एकही गेला नाही. वैताग याचा, की कधीकधी ते खरंही असतं.

बोरिवलीतल्या एका भाड्याच्या घरी ऑगस्टमध्ये गेलो होतो. नवरा-बायको, दीड वर्षाचं मूल. बेडरूममधलं कपाट पुढे ओढलं, तर मागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. आत शालूच्या घडीवर हिरवट बुरशी. पॅसेजमध्ये छताजवळ तांबूस कडेचा डाग आणि पुट्टीचे पोपडे. मालक म्हणत होते, ‘कपडे घरात वाळवतात.’ वहिनी म्हणत होत्या, ‘वरच्यांचं बाथरूम गळतंय.’

दोन्ही भिंती पुसून मी हातभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवलं. दुसऱ्या दिवशी बेडरूममध्ये थेंब प्लॅस्टिकच्या वर, खोलीच्या बाजूला होते. पॅसेजमध्ये प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला. म्हणजे दोघांचंही बरोबर. बेडरूममध्ये रात्रभर एसी, सकाळी तो बंद, मग पावसाळी दमट हवा गार भिंतीवर जाऊन बसायची आणि चिकटून ठेवलेल्या कपाटामागे वारा फिरायला जागा नव्हती. कपाट वीतभर पुढे घ्या, कपडे बाल्कनीत न्या, एवढाच उपाय.

पॅसेजचं प्रकरण वेगळं. वरच्या घरी नहाणी ट्रॅपला बोळा घालून दोन इंच पाणी चोवीस तास साठवलं. खालचा डाग तसूभर वाढला नाही. फरशी निर्दोष. मग बोळा काढून रंगीत पाणी ट्रॅपमध्ये ओतलं. संध्याकाळी डागाच्या कडेला गुलाबी थेंब! ट्रॅप आणि पाइप यांचा जोड सुटला होता. न तपासता कोबा फोडला असता तर हजारो रुपये वाया गेले असते आणि गळती तशीच राहिली असती.

आता खर्च कोणाचा? गच्ची, बाहेरची भिंत, सामाईक पाइप यांची गळती आदर्श उपविधींनुसार सोसायटीची. घरातल्या संडास-बाथरूमची सदनिकाधारकांची. इथे वरचे आणि खालचे मालक एकमेकांकडे बोट दाखवत बसले, आणि बुरशी श्वासात घेणारं कुटुंब मात्र या भांडणात कोणीच नव्हतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ मध्ये चांगली सोय आहे. दुरुस्ती मालकाने करायची; त्याने टाळली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा एवढीच, की वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. पागडीच्या खोलीचं भाडं महिना दोनशे धरा. वर्षाला सहाशे रुपये. त्यात गवंड्याचा एक दिवसही निघत नाही. आणि जो महिन्याला तीस-चाळीस हजार मोजतो, तो अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असतो. कायद्याच्या लेखी तो भाडेकरू नव्हे, परवानाधारक. कलम १४ त्याच्यासाठी नाही. ज्याला हक्क आहे त्याची रक्कम चिल्लर, ज्याची रक्कम मोठी त्याला हक्क नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, करारातच लिहून घ्या: गळतीची दुरुस्ती कोणी, किती दिवसांत, आणि नाही झाली तर डिपॉझिट पूर्ण परत. आणि राहायला जायच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो मालकाला व्हॉट्सॲप करा. पुढे वाद झाला तर तारखेसह तोच कामी येतो.

त्या जोडप्याने सप्टेंबरअखेर घर सोडलं. डिपॉझिटमधून ‘रंगकामाचे’ पैसे कापले गेले. ऑक्टोबरमध्ये त्याच इमारतीत दुसऱ्या कामासाठी गेलो, तेव्हा दलाल कुणाला तरी ते घर दाखवत होता. दार उघडंच होतं. बाकीचं घर जुनं पिवळसर, पॅसेजचा एक पट्टा मात्र पांढराशुभ्र. त्या पट्ट्यावर छताजवळ नखाएवढा फुगा आला होता.