हार्पर्स फेरीचा संगम

ध्वज, पुष्प, पक्षी हीं राज्याचीं चिन्हें आपल्या परिचयाचीं आहेत. परंतु अमेरिकेंतील कांहीं राज्यांनीं बंदुकीसही हा मान दिला आहे. प्रथम यूटा राज्यानें २०११ सालीं आपल्या भूमिपुत्राचें, जॉन ब्राउनिंगचें, पिस्तूल निवडलें. पुढें केंटकी व पेनसिल्व्हेनिया यांनीं जुनी लांब नळीची रायफल पत्करिली. वेस्ट व्हर्जिनियानें २०१३ सालीं ‘हॉल रायफल’ स्वीकारली. ही बंदूक ज्या गांवीं घडली, तें हार्पर्स फेरी गांव आम्हीं मुद्दाम जाऊन पाहिलें.

वॉशिंग्टन नगरीपासून तें वायव्येस सुमारें ६० मैल आहे. आगगाडी पुलावरून गांवांत शिरते तोंच डाव्या हातास पोटोमॅक व शेनान्डोआ या दोन नद्यांचा संगम दृष्टीस पडतो. संगम म्हटला कीं आपल्या मनापुढें घाट, देवालय व स्नानास आलेली मंडळी उभी राहते. येथें घाट नाहीं, देवालय नाहीं. दोहों बाजूंस उंच डोंगर व खडकांतून फेसाळत जाणारें पाणी आहे. जेफर्सननें १७८३ सालीं हें दृश्य पाहिलें, तेव्हां एवढ्यासाठीं अटलांटिक ओलांडून येणेंही सार्थ होय, असा अभिप्राय त्यानें दिला. त्यांत आम्हांस अतिशयोक्ति वाटली नाहीं.

हेंच वाहतें पाणी हेरून वॉशिंग्टननें येथें सरकारी शस्त्रशाळा काढविली. जलचक्रांवर यंत्रें फिरूं लागलीं आणि १८६१ पर्यंत येथें सहा लाखांहून अधिक शस्त्रें निघालीं. १८१९ सालीं मेन प्रांताचा जॉन हॉल एक हजार रायफली करून देण्याचा करार घेऊन आला. त्याची बंदूक नळीच्या तोंडाकडून ठासावयाची नसून मागील बाजूनें भरावयाची होती. पण खरी अपूर्वाई निराळीच. त्या काळीं प्रत्येक बंदुकीचे भाग कारागीर कानशीनें घांसून जुळवी. एक भाग मोडला तर दुसरीचा बसत नसे. हॉलनें यंत्रें व मापें इतकीं नेमकीं केलीं कीं, कोणत्याही बंदुकीचा भाग कोणत्याही बंदुकीस चपखल बसावा. शिवणयंत्रांपासून मोटारींपर्यंतची पुढील कारखानदारी याच तत्त्वावर उभी राहिली. तेव्हां राज्यानें येथें संहारापेक्षां कारागिरीचा गौरव केला, असें म्हणण्यास जागा आहे.

परंतु संगमापासून थोड्या अंतरावर विटांची एक लहानशी इमारत आहे, ती पाहिल्यावांचून हा विचार पुरा होत नाहीं. ती शस्त्रशाळेच्या आगबंबाची खोली. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्रीं जॉन ब्राउन आपल्या लहानशा तुकडीसह येथें आला. या शस्त्रांच्या बळावर गुलामांस मुक्त करावें, हा त्याचा हेतु. दैवदुर्विलास असा कीं, या उठावांत पहिला बळी पडला तो हेवर्ड शेपर्ड हा रेल्वेचा स्वतंत्र कृष्णवर्णी नोकर! ब्राउन याच खोलींत पकडला गेला व २ डिसेंबर रोजीं फांसावर चढला. दीड वर्षांत यादवी युद्ध पेटलें. शस्त्रें शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून सरकारी सैन्यानेंच शस्त्रागारास आग लाविली. त्या युद्धांतच, १८६३ सालीं, वेस्ट व्हर्जिनिया हें राज्य जन्मास आलें. आज शस्त्रशाळेचे केवळ पाये उरले आहेत. ती लहानशी खोली मात्र उकलून शिकागोच्या प्रदर्शनास गेली, परत आली आणि मूळ जागेनजीक पुन्हां उभी आहे.

हें आपणांसही परकें नाहीं. १९ फेब्रुवारी २०२४ रोजीं, शिवजयंतीस, आग्र्याच्या किल्ल्यांत दांडपट्टा हें महाराष्ट्राचें राज्यशस्त्र म्हणून घोषित झालें. दसऱ्यास शस्त्रें पूजणाऱ्या आपल्या समाजास त्याचा आनंद होणें स्वाभाविकच. पण शस्त्र मुकें असतें. तें कोणीं घडविलें, कोणीं उचललें आणि कोणाच्या हातीं तें पडूं दिलें नाहीं, हें ठरावाच्या चार ओळींत मावत नाहीं. तें ज्या त्या स्थळीं जाऊन विचारावें लागतें. हॉलची रायफल कांचेच्या कपाटांत पाहून परतणाऱ्यानें शंभर पावलें पुढें जाऊन ती आगबंबाची खोलीही पाहावी. राज्याचें चिन्ह तेथें पुरतें उमगतें.