आईची माळ आणि शेजारच्या काकू

मैत्रिणींनो, ‘कॅथलिक बाई’ म्हटलं की अजूनही पुष्कळजणींच्या डोळ्यांसमोर झगा घातलेली, इंग्रजी बोलणारी बाई उभी राहते. माझी आई कॅथलिक होती. पण ती नेसायची लुगडं, बोलायची मराठी, आणि भाजीवाल्याशी भांडायचीसुद्धा अस्सल मराठीतच! ती वसईची. तिथे १५३४ साली पोर्तुगिजांचा अंमल सुरू झाला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर तो संपला. धर्म राहिला, तशी भाषाही राहिली. माहेरच्या माणसांशी ती सामवेदी बोलीत बोले, आणि देवाशी मराठीत.

लग्न होऊन ती आली ती थेट सालेकशाला. वडील रेल्वेत होते. मुंबई-हावडा मार्गावरचं हे लहानसं स्टेशन; १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होतं, आता गोंदिया जिल्ह्यात आहे. एका अंगाला जंगल नि डोंगर, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. माहेरी दिवसातून तीन वेळा चर्चची घंटा ऐकत वाढलेली ही मुलगी, आणि इथे कानावर येणार ती फक्त मालगाडीची शिटी! चर्चला जायचं तर आमगावच्याही पुढे, गोंदियाला. जमलं तर महिन्यातला एखादा रविवार, तोही गाडीनं वेळ पाळली तर.

मग तिनं काय केलं असेल? स्वयंपाकघरातच एक फळी ठोकून घेतली. तीवर मरियामातेची तसबीर, तेलाचा दिवा आणि खिळ्याला अडकवलेली जपमाळ. तिन्हीसांजेला भाताचं आधण ठेवलं की माळ सुरू. माळेत पाच दशकं असतात, प्रत्येक दशकात मरियेची प्रार्थना दहा वेळा. सगळी मिळून वीस-एक मिनिटं लागतात. आमच्या घरात घड्याळापेक्षा ही माळच जास्त उपयोगी होती. दुसऱ्या दशकाला तांदूळ वैरायचे, तिसऱ्याला जाळ ओढायचा, माळ संपली की पातेलं वैलावर. मध्येच “अगं, दूध बघ!” असं ओरडून ती पुन्हा त्याच मण्यावर यायची. देवाला यात काही वावगं वाटत असेल, असं तिला कधी वाटलं नाही.

उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत ती रोज भाताच्या तांदळांतून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकी. ईस्टरच्या आधी तो डबा ज्या घरी चूल धड पेटत नसेल तिथे, कुणाला न सांगता, पोचता होई. वसईहून राजेळी केळ्यांची सुकेळी आली की पहिला वाटा शेजारच्या काकूंचा. तुळशीला पाणी घातल्याखेरीज चहाचा घोट न घेणाऱ्या या काकू, आणि आमची आई! दोघींचं कसं काय जमलं, ते त्यांनाच ठाऊक.

१९६४ च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ तापानं गेला. चार वर्षांचा होता. तीन दिवसांत सगळं संपलं. त्याला गोंदियाला नेऊन माती दिली, आणि परत आल्यावर आईनं फळीकडे पाठ फिरवली. दिवा नाही, माळ नाही. भेटायला येणारे म्हणत, “देवाची इच्छा.” ती काहीच बोलत नसे. एका रात्री मात्र वडिलांना म्हणाली, “मरियेला तिचा मुलगा तिसऱ्या दिवशी परत दिसला. मला?” वडिलांपाशी उत्तर नव्हतं. आजही कुणापाशी असेल, असं मला वाटत नाही.

काकूंनी उत्तर द्यायचा प्रयत्नच केला नाही. त्या रोज सांजेला यायच्या, आमच्या फळीवरचा दिवा लावायच्या आणि आमच्याच चुलीवर भात टाकायच्या. वडील संकोचानं “कशाला?” म्हणाले, तर म्हणाल्या, “देव कोणाचाबी असो, त्याले अंधारात कायले ठेवायचं?”

असे पाच-सहा आठवडे गेले. काकूंच्या हातचा भात कधी गिचका, कधी कच्चा, कारण आमचं पातेलं नि आमची चूल त्यांच्या हातची नव्हती. एका सांजेला त्यांनी खिळ्यावरची माळ काढली आणि आईच्या मांडीवर ठेवली. “बाई, तुमी हे म्हनल्याबिगर भाताचं कसं समजंल?”

आईला हसू आलं, आणि त्या हसण्यातूनच रडू. त्या दिवशी तिनं माळ म्हटली ती भातासाठी. देवासाठी म्हणू लागली ती पुढे, हळूहळू.

त्यानंतर दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ती झेंडूची फुलं नि मेणबत्त्या घेऊन गोंदियाला जायची. बरोबर काकू असायच्याच. आणि दुःखाच्या घरी गेली तर “देवाची इच्छा” हे शब्द तिनं पुन्हा कधी तोंडातून काढले नाहीत. झाकलेलं भाताचं पातेलं घेऊन जायची, घागरी भरून ठेवायची, पोरांच्या वेण्या घालायची.

आमच्या फळीवर संत तेरेजाचं एक लहानसं चित्रही होतं. या तेरेजाची आई झेली मार्टिन, फ्रान्सची. लेस विणून संसाराला हातभार लावणारी बाई. नऊ लेकरांपैकी चार तिनं लहानपणीच गमावली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी झेली आणि तिचा नवरा लुई या दोघांना एकत्रच संतपद दिलं. ही बातमी ऐकायला आई नव्हती. असती तर म्हणाली असती, “बरं झालं, संसारातल्या बाईकडेही लक्ष गेलं!”

ती माळ आता माझ्याकडे आहे. माझ्या घरी गॅस आहे, कुकर आहे. भाताला माळ लागत नाही. पण मैत्रिणींनो, शेजारच्या घरात असं काही घडलं, तर काय बोलावं या विचारानं उंबऱ्याशी थांबू नका. शब्द सुचले नाहीत तरी चालतं. आत जा, दिवा लावा, भात टाका. गिचका झाला तरी चालेल.