गाढव

पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत मी ‘गाढव’ हा शब्द किती वेळा उच्चारला असेल, त्याचा हिशेब चित्रगुप्तालाच ठाऊक. त्याचे मला कधी काही वाटले नाही. वाटले ते गेल्या पाडव्याला.

कऱ्हाडला कोयनाकाठी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची वीटभट्टी आहे. फराळाचा डबा घेऊन गेलो, तर स्वारी गाढवाच्या कानातल्या गोचिडी चिमट्याने काढीत बसलेली! गाढवाची मान खाली, बरगड्या मोजून घ्याव्यात.

“आळशी दिसतंय रे,” मी म्हणालो.

“आळशी न्हाई गुर्जी, आजारी हाय. म्या बी आदी तसंच समजून काठी घातली त्येला.”

डॉक्टरांनी थेंबभर रक्त काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. तांबड्या पेशींत ‘थायलेरिया इक्वी’ नावाचे जंतू. कुठे कुठे चार-चार जुळून, अगदी फुलीसारखे. गोचीड रक्त पिता पिता लाळेवाटे त्यांना आत सोडते. मग पेशी फुटतात, रक्त कमी होते, ताप येतो, कधी कावीळ होते. घोडा पुष्कळदा एकदम आडवा होतो. गाढव बहुधा नुसते खंगते आणि ओझे वाहत राहते. तक्रार नाही म्हणजे दुखणे नाही, असा आपला सोयीस्कर समज! इमिडोकार्बचे इंजेक्शन आहे, पण गाढवाला ते बेतानेच द्यावे लागते. आणि जंतू पुष्कळदा जन्मभर रक्तात दडून राहतात.

देशात 2012 च्या पशुगणनेत गाढवे सुमारे 3.2 लाख होती. 2019 मध्ये ती सुमारे 1.2 लाखांवर आली. उरलेल्यांकडे तरी कोणी निरखून पाहावे की नाही?

“मला बी ल्हानपणी आसंच झालं हुतं, गुर्जी. हिवताप. वर्गात पेंगायचो, आन् तुमी...” तो थांबला आणि हसला.

हिवतापाचे जंतूही तांबड्या पेशींतच शिरतात. गोचिडीऐवजी तिथे डास, एवढेच. मला तो शेवटचा बाक आठवला. वहीवर ओढलेल्या फुल्या आठवल्या. माझा तो शब्दही आठवला.

काय बोलावे ते सुचेना. मी चष्मा पुसला, त्याच्या हातातला चिमटा घेतला आणि गाढवाच्या दुसऱ्या कानाशी जाऊन बसलो.