जुन्नरचा घोडा

१६५७ साली शिवरायांनी जुन्नरवर छापा घालून घोडे नेले. हौशी संग्राहकाला हवा असतो तो निराळा घोडा, जुन्या रिव्हॉल्व्हरचा! त्याने शिवनेरी पाहून घोडेगावमार्गे आंबेगावच्या डोंगरांत शिरावे. तिथल्या जांभोरीचे होनाजी केंगले सावकारांविरुद्ध बंड करून उठले. १८७६ साली पकडले गेले. दोनच वर्षांनी हत्यार कायदा आला आणि बंदुकीला परवाना लागू लागला.

मग माळ्यावरचे एखादे गंजके रिव्हॉल्व्हर विकत घेऊन दुरुस्त करावे का? थांबा! १९५९चा कायदा सूट देतो ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुनाट हत्याराला. डागडुजीने बार उडण्याजोगा असेल, तर परवाना हवाच. तेव्हा आधी पोलीस ठाणे, मग तेलाची बाटली. नुसती नजरेची हौस असेल, तर पुण्याचे केळकर संग्रहालय आहेच!