सुरगाठ, निरगाठ आणि ओटीपोटातली कळ

मराठीत ‘गाठ’ या शब्दाचा संसार मोठा आहे. लग्नगाठ, खूणगाठ, गाठभेट, पदराला मारलेली गाठ, दोरीला पडलेली गाठ. त्यातही आपल्या भाषेने एक बारीक भेद करून ठेवला आहे. एक टोक ओढले की सहज सुटते ती सुरगाठ आणि ओढावी तितकी आवळत जाते ती निरगाठ. गुराढोरांत वावरलेल्या माणसाला हा भेद शिकवावा लागत नाही. मात्र सोनोग्राफीच्या कागदावर ‘सिस्ट’ हा शब्द उमटतो, घरी पोहोचेपर्यंत त्याचे ‘गाठ’ असे भाषांतर होते आणि मग हा भेद कोणालाच आठवत नाही. गाठ म्हणजे कर्करोग, गाठ म्हणजे ऑपरेशन, एवढे दोनच अर्थ उरतात. एका शब्दाचे असे आक्रसणे माणसाच्या शरीरापर्यंत कसे पोहोचते, याचा विचार आम्हांला गेल्या काही वर्षांत करावा लागला.

आम्ही दोघी मराठीच्या प्राध्यापिका. एक नांदेडला शिकवते, एक लातूरला. १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात दोघींची महाविद्यालये येतात. त्यामुळे उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांच्या निमित्ताने भेटी होत राहतात. चाळिशी ओलांडल्यावर, काही महिन्यांच्या अंतराने, दोघींच्याही अंडाशयात गाठ निघाली. हे लिहिताना वैद्यकाचा अधिकार आम्ही सांगत नाही. भोगलेले दुखणे, वाचलेली माहिती आणि भाषेचा व्यासंग एवढीच आमची शिदोरी आहे.

प्रथम दुखण्याच्या शब्दांविषयी. या बाबतीत मराठीला वाण नाही. कळ, ठणका, चमक, सणक, शूळ, मुरडा, वेणा. एकेका शब्दात दुखण्याची चाल सांगितलेली आहे. ठणका ठोके घालतो, सणक क्षणात येऊन जाते, कळ उठते नि ओसरते, मुरडा आतून पिळतो. दारिद्र्य आहे ते दुखण्याच्या जागेचे नाव घेण्यात. पाळीसाठी ‘अडचण’, ‘कावळा शिवणे’, ‘बाहेरची होणे’ असे आडपडदे आहेत आणि ओटीपोटातल्या प्रत्येक दुखण्याला ‘पोट दुखते’ एवढाच एक सरसकट शब्द आहे. विद्यार्थिनींच्या रजेच्या अर्जांत तर तोही नसतो. ‘प्रकृती ठीक नसल्यामुळे’ या दहा अक्षरी कवचात सारे काही झाकलेले असते. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला जाण्यापूर्वी, १८८३ साली, बंगालमधील सेरामपूर येथे भाषण करून या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे हे सांगितले होते. आज स्त्री-डॉक्टर तालुक्याच्या गावीही आहेत; परंतु त्यांच्यासमोर बसलेली बाई अजूनही ‘पोट दुखते’ याच्या पुढे सरकत नाही.

यात आम्हांला आणखी एक गोष्ट जाणवते. बाळंतवेणांना आपल्या लोकवाङ्मयात मान आहे, कारण त्या वेणांच्या शेवटी मूल आहे. ज्या दुखण्यातून काहीच जन्माला येत नाही, त्याला प्रतिष्ठा नाही. ते ‘बाईच्या जातीचे’ म्हणून सोसायचे असते.

आता गाठीविषयी. अंडाशयात दर महिन्याला एक इवलीशी पाण्याची पिशवी वाढते, फुटते आणि तिच्यातून बीज बाहेर पडते. कधी ती फुटत नाही, कधी फुटल्यावर पुन्हा भरते. हीच बहुतेक वेळा सोनोग्राफीत दिसणारी ‘गाठ’. म्हणजे ती खऱ्या अर्थाने गाठ नव्हेच. शरीराच्या नित्य व्यवहारातले एक रेंगाळलेले काम आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रीमधील अशा साध्या, पातळ भिंतीच्या, पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. या सुरगाठी. रक्त साकळून झालेली, जिला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात ती, किंवा आत केस आणि चरबी असलेली डर्मॉइड ही गाठ अशी जात नाही. त्या निरगाठी. पाळी गेल्यानंतर आढळलेल्या गाठीकडे तर अधिकच काळजीने पाहावे लागते. सुरगाठ कोणती आणि निरगाठ कोणती हे हाताला कळत नाही, दुखण्याच्या तीव्रतेवरूनही कळत नाही. त्यासाठी तपासणीच लागते.

आमच्यापैकी लातूरचीची गाठ साधी होती, चार सेंटिमीटरच्या आसपास. पहिल्या दवाखान्यात ‘मुले झाली आहेत ना, मग काढून टाका’ असा सल्ला पाच मिनिटांत मिळाला. दुसऱ्या डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला आणि तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितली. त्या तपासणीत गाठ नव्हती. नांदेडचीचे उलटे झाले. तिची पाळीतली कळ वर्षानुवर्षे ‘तुला सहनच होत नाही’ या वाक्याखाली दडपली गेली होती. तपासणीत चॉकलेट सिस्ट निघाली, आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावी लागली. एकीला घाईने वाचवले नसते, दुसरीला वाट पाहण्याने. म्हणूनच ‘ऑपरेशन नकोच’ आणि ‘ऑपरेशनच करा’ ही दोन्ही विधाने आम्हांला सारखीच आळशी वाटतात.

मग घरगुती उपायांचे काय? आयाबायांनी दिलेले बरेच काही आम्ही दोघींनी केले. त्यात पहिला मान शेकाचा. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेले फडके, मिठाची पुरचुंडी, कापडात गुंडाळलेली वीट, शेकून पोटावर ठेवलेले एरंडाचे पान. साधने वेगळी, तत्त्व एकच. उष्णतेने आवळलेले स्नायू सैलावतात आणि कळ ओसरते. पाळीच्या वेदनांवर पोटाला लावलेला सौम्य, सलग शेक हा वेदनाशामक गोळीच्या तोडीचा ठरू शकतो, असे २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. शेक कातडीवर थेट नको आणि तो घेता घेता झोप लागू देऊ नये, एवढे पथ्य पुरे. सुंठीने पाळीचे दुखणे काहीसे हलके होते, असे काही छोट्या चाचण्या सांगतात. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडणे, संथ चालणे, मलावरोध होऊ न देणे यांनीही ओटीपोटावरचा ताण कमी होतो. इतके करूनही थांबत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. तसे करण्यात हार नाही.

परंतु हे सारे उपाय कळेवरचे आहेत, गाठीवरचे नव्हेत. एरंडेलाच्या पट्ट्यांनी, अमुक काढ्याने, तमुक बियांनी गाठ ‘विरघळते’ असे छातीठोकपणे सांगितले जाते. त्याला पुरावा नाही. जी सुटणारच होती ती गाठ सुटते आणि श्रेय काढ्याला जाते. आधुनिक औषधांनाही इथे फार मिरवता येत नाही; आधीच झालेली साधी गाठ गर्भनिरोधक गोळ्यांनी लवकर जिरत नाही. वाट पाहण्याचे शहाणपण जुने आहे. चरकसंहितेत ‘रक्तगुल्म’ नावाचा, फक्त स्त्रियांना होणारा आणि गर्भाचा भास निर्माण करणारा विकार सांगितला आहे आणि त्यावर दहा महिने उलटल्यावरच उपचार करावा असे म्हटले आहे. तो विकार म्हणजे आजची सिस्ट, असे समीकरण मांडणे अशास्त्रीय होईल. पण घाई करू नये, आधी ओळख पटवावी, हा विवेक तिथे आहे.

एका ठिकाणी मात्र वाट पाहणे घातक असते. पोटात अचानक असह्य कळ उठली, सोबत उलट्या, ताप किंवा भोवळ आली, तर शेकत बसू नये. गाठीच्या भाराने अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो किंवा गाठ फुटून आत रक्तस्राव झालेला असू शकतो. ‘पोटात पीळ पडला’ हा आपला वाक्प्रचार इथे अक्षरशः खरा ठरतो. अशा वेळी जवळ करावे ते रुग्णालय, आणि तेही तासाभरात.

आता या साध्या उपायांना लागते काय, ते पाहू. पाणी, आडोसा आणि विसावा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात ‘गरम पाण्याने शेका, भरपूर पाणी प्या’ हा सल्ला हंडे वाहणाऱ्या बाईला कोणत्या तोंडाने द्यायचा? विसाव्याचेही तसेच. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ धरला जातो आणि पैसे कापले जातात. डोक्यावर मोळी, फडात आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. पाळीची कळ आणि खाडा यांच्या कात्रीत सापडलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सुटकेसारखा वाटतो.

आणि इथे भाषा पुन्हा आड येते. अंडाशयातली पाण्याची गाठ हीही ‘पिशवी’ आणि गर्भाशय हीही ‘पिशवी’. ‘पिशवीला गाठ आहे’ या वाक्यातली कोणती पिशवी, हे विचारायचे राहून जाते. अंडाशयातल्या गाठीवर गर्भाशय काढणे हा उपचार नव्हे. आणि गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयेही काढली, तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले; म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशभरचे हे प्रमाण शंभरात तीनच्या थोडे वर होते. वयोगटांचा फरक गृहीत धरूनही ही दरी बोलकी आहे. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. दुखणे ऐकून घ्यायला कोणी नसले की ते मुळासकट उपटण्याचाच मार्ग उरतो, असा या आकड्यांचा अर्थ आम्ही लावतो.

आपण भाषेची माणसे. आपल्या हातात शेकाची पिशवी नाही, न्यायालयाचा आदेशही नाही. पण वर्ग आहे. ‘कुठे दुखते, कसे दुखते, केव्हापासून दुखते’ या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्या मराठीत, न लाजता देता येणे हे व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात बसायला हरकत नसावी. अर्जलेखन शिकवताना ‘पाळीतील तीव्र वेदनांमुळे’ हे शब्द आम्ही आता फळ्यावर लिहितो. प्रारंभी वर्गात खसखस पिकते, मग शांतता होते. गेल्या सत्रात लातूरच्या एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारले, “मॅडम, माझ्या आईला पिशवी काढायला सांगितलंय. कोणती पिशवी, ते विचारू का?”

तो प्रश्न तिने दवाखान्यात विचारला. डॉक्टरांनी कागद पुन्हा उघडला.