न मांडलेले वीस

सांगली,
१२ जुलै

चि. मिलिंदास,


तुझा लांबलचक मेसेज शेजारच्या मुलीनं अक्षरं मोठी करून दाखवला. वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतोस आणि शेवटी करायचं तेच करतोस. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या बिझिकच्या खेळात लग्नात मांडलेली राणी पुन्हा ‘बिझिक’च्या जोडीला चालते का? चालते. इस्पिकच्या राजाराणीचं लग्न मांडून वीस घेतलेस आणि ती राणी अजून टेबलावर उघडी आहे, तर पुढचा एखादा हात जिंकायचा, तिच्याशेजारी चौकटचा गुलाम ठेवायचा आणि बिझिकचे चाळीस घ्यायचे. नंतर तीच राणी चार राण्यांतही बसते, त्याचे साठ. एकाच जातीच्या जुळणीत मात्र एक पत्ता दोनदा नाही. दुसरा इस्पिक राजा आला म्हणून त्याच राणीचं पुन्हा लग्न लावता येत नाही. (इथे आमचे अण्णा हमखास हसायचे. आई नाही.) तेव्हा परवा तुझ्या त्या पत्त्यांच्या टॅबनं दादाचं, तुझ्या बाबांचं, बिझिक नाकारलं ते चूक, आणि दादा चिडला ते बरोबर.

क्रमही नीट समजून घे, कारण खरा खेळ तिथे आहे. हुकमाचं लग्न आधी मांडलं तर चाळीस, मग त्याला एक्का, दश्शी आणि गुलाम जोडून सिक्वेन्सचे अडीचशे. घाईघाईनं पाचही पत्ते एकदम मांडलेस तर अडीचशेच, ते चाळीस बुडाले. डबल बिझिकचंही तसंच. पहिलं बिझिक मांडून चाळीस घ्यायचे आणि ते शाबूत ठेवून दुसऱ्या जोडीची वाट बघायची. चारही पत्ते एका वेळी टेबलावर दिसले तर पाचशे. मधेच पहिल्यातला एक पत्ता खेळून टाकलास तर दुसऱ्या जोडीचे नुसते चाळीस. म्हणून दादा पहिल्यापासून ते दोन पत्ते अंड्यासारखे जपतो.

आता तू पाठवलेला तो गुणांचा तक्ता. सिक्वेन्सला दीडशे, डबलला तीनशे! अरे, हे आपलं बिझिक नव्हे, हे अमेरिकेतलं पिनॉकल. चुलत घराणं म्हण हवं तर. इस्पिकची राणी आणि चौकटचा गुलाम तिथेही जोडीनं हिंडतात आणि तिथेही त्यांचे चाळीसच. पण पत्ते ४८, नव्वीपासून एक्क्यापर्यंत, प्रत्येक पत्ता दोनदा. आणि चौघांच्या खेळात ते काय करतात, तर पहिला हात पडायच्या आधीच असेल नसेल ते सगळं मांडून गुण लिहून घेतात आणि पत्ते परत उचलून खेळायला लागतात. त्यांचं त्यांना लखलाभ. तू कुठून तरी तो हिशोब उचललास आणि बापाच्या गळ्यात बांधलास.

आपल्याकडे दोन कॅट घेऊन दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पत्ते काढून टाकायचे, उरतात ६४. (काढलेल्यांचे बंगले बांधायचा हक्क धाकट्यांचा. तू आणि सोनू त्यावरून किती भांडायचात!) एक्क्याखाली दश्शी, मग राजा, हे नवख्याला पचत नाही. आठ-आठ पत्ते वाटले की राहतात ४८, म्हणजे गड्डी संपेपर्यंत चोवीस हात. मांडायचं असेल तर हात जिंकायचा, एकच जुळणी खाली ठेवायची, तोंडानं सांगायची आणि मग गड्डीतला पत्ता उचलायचा. म्हणजे बोलायच्या संधी दोघांत मिळून चोवीस. त्यानंतरचे आठ हात मुक्यानं. तिथे रंगाला रंग द्यावा लागतो आणि मारता येत असेल तर मारावंच लागतं. हातात चार एक्के घेऊन बसलास आणि हातच जिंकला नाहीस, तर त्या शंभराचं मोल शून्य.

मग तू म्हणशील, एवढं असताना बाबा मांडायला विसरतात तेच तर मी सांगतोय. थांब. काय विसरला तो? तूच लिहिलंयस, ‘इस्पिकचं लग्न हातात होतं, हात जिंकला, तरी मांडलं नाही.’ मिलिंद, तुझ्या वडिलांनी हा खेळ अण्णांकडून घेतला आणि अण्णांनाच त्यात रडवलं. वीस गुणांसाठी इस्पिकची राणी टेबलावर उघडी करायची म्हणजे समोरच्याला सांगायचं की बाबा रे, तुझ्याकडचे चौकटचे गुलाम आता सोडू नकोस. समोरचा शहाणा असेल तर ते दोन गुलाम शेवटपर्यंत दाबून ठेवतो आणि तुझं चाळीस आणि पाचशेचं स्वप्न तिथेच संपतं. दादा ते लग्न विसरला नव्हता, दडवून बसला होता. आणि ऐन वेळी तुझा टॅब वाजला, वर लाल अक्षरात ‘लग्न! २०!’ समोर बसलेल्या तुलाही ते ऐकू गेलं. शेजाऱ्यानं आपले पत्ते मोठ्यानं वाचून दाखवावेत याहून मोठा अपमान पत्त्यांत नाही. त्यानं टॅब पालथा घातला म्हणून तू हिरमुसलास. मी असते तर खिडकीबाहेर टाकला असता.

हे तुमचं सगळीकडेच झालंय. जे दिसलं ते बोलायचं, जे जुळलं ते लगेच मांडायचं, आणि जो गप्प बसेल त्याला काही तरी झालंय. माणूस हिशोब मनात धरून बसू शकतो यावर तुमचा विश्वासच उरलेला नाही. वाण्याकडे दोन वस्तू घेतल्या तरी मशीन. आई चिंचोके मांडून गुण धरायची, दहाचा एक चिंचोका आणि शंभराची कवडी, आणि हजार झाले की खेळ संपला. अण्णांनी लबाडीनं एक चिंचोका वाढवला तर मान वर न करता काढून घ्यायची. हात तिचे भाजीत असायचे.

फ्रान्समधला हा खेळ, इंग्रजांनी १८६०च्या आसपास उचलला. १८८७मध्ये लंडनच्या पोर्टलंड क्लबानं चार कॅटांच्या रुबिकॉन बिझिकचे नियम पक्के केले. तिथे तीन बिझिकं एकदम दिसली तर दीड हजार आणि चार दिसली तर साडेचार हजार. चर्चिलला तर सहा कॅटांचं आवडायचं, १९२ पत्ते! अण्णा चर्चिलला यथेच्छ शिव्या द्यायचे आणि संध्याकाळी त्याच्याच आवडीचा खेळ मांडून बसायचे. या एवढ्या लोकांनी पत्ते वाजल्याशिवाय खेळ केला, तर तुमच्या कोथरूडच्या गॅलरीत तो का होऊ नये?

वहिनीला काही सांगावं लागायचं नाही. दादा हात जिंकून काही न मांडता पत्ता उचलायचा, की ती लगेच म्हणायची, ‘आलं का बिझिक?’ तिच्याशी तो बहुतेक हरायचाच. ती गेल्यावर मला वाटलं होतं पत्ते कपाटात जातील. तू रविवारी त्याच्याशी खेळायला बसलास याचं मला किती बरं वाटलं, ते कधी सांगितलं नाही. आज सांगते, आणि लगेच रागावतेही.

कारण तुझ्या मेसेजमधली दुसरी गोष्ट मला झोपू देत नाही. ‘बाबांनी किलवरची राणी चौकटच्या गुलामाशेजारी ठेवली आणि बिझिक म्हणाले. एकदा नाही, तीनदा.’ त्यावरून तू ठरवलंस की बुद्धी चालत नाही. आणि खाली मोठ्या कौतुकानं लिहिलंस, टॅबवर खेळायला लागल्यापासून ही चूक एकदाही झाली नाही. अरे वेड्या, टॅबवर तो पत्ता केवढा दिसतो? तळहाताएवढा, मागून उजेड असलेला! आणि आपला घरचा कॅट केवढा? त्यात इस्पिक काळं, किलवर काळं, राण्यांचे चेहरे सारखेच, कोपऱ्यातली खूण हरभऱ्याच्या डाळीएवढी. ज्याला हुकमाचे किती पत्ते पडले ते शेवटच्या आठ हातांत तोंडपाठ असतं (हेही तूच लिहिलंयस), त्याची बुद्धी कशी गेली? त्याला दिसत नाहीये.

आता मला नीट सांग. तो पेपर वाचतो का, की नुसता उघडून बसतो? पूर्वी छोट्या जाहिरातीसुद्धा सोडायचा नाही. जिना उतरताना कठडा धरतो का? चहा ओतताना कपाबाहेर जातो का? रात्री समोरून गाडी आली की थांबतो का? दिवसभर टीव्ही लावून ठेवतो म्हणालास, तो बघतो की ऐकतो? आपल्या घरात साखर आहे, अण्णांची शेवटची वर्षं तू पाहिलेली नाहीस, मी पाहिली आहेत. मोतीबिंदू निघाला तर मी देवाला पेढे ठेवीन, तो काढता येतो. पण डोळ्यांत थेंब घालून मागचा पडदाही तपासून घे. आणि डॉक्टरांसमोर त्याला एकट्याला सोडू नकोस. तो ‘उत्तम दिसतं’ म्हणून बाहेर येईल. एका डोळ्यानं बघताना दुसरा नीट झाकलाय ना, एवढं तू बघ.

या आठवड्यात ने. रविवारपर्यंत थांबू नकोस. त्याला मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, तुझा स्वतःचा चष्मा करायचाय म्हण, सोबत येईल. येताना ठसठशीत आकड्यांचे, मोठ्या खुणांचे दोन कॅट विकत घे आणि टॅबचा तो आवाज बंद कर. डॉक्टर काय म्हणाले ते त्याच रात्री मला फोन करून कळव, मी जागी असते.

तुझी,
आत्या

ता. क. तुझ्या तक्त्यात हुकमाच्या नव्वीला दहा गुण दिलेत, तेही पिनॉकलचेच. आपल्याकडे दहा गुण हुकमाच्या सत्तीचे. आणि शेवटचा हात जिंकणाऱ्याचे दहा तू धरलेलेच नाहीस, ते दादाला मागच्या खेळांसकट परत दे.