सूर्याचा माथा

गेल्या वसंत पंचमीस नातीच्या अक्षराभ्यासासाठी आम्ही सहकुटुंब बासरला गेलो होतो. श्रीसरस्वतीसमोर तिने पाटीवर पहिले अक्षर गिरवले आणि गोदावरीच्या घाटावर येताच त्याच पाटीवर सूर्य काढला. सभोवार किरण, माथ्यावर मात्र उभे केस! "आजोबा, सूर्याला केस असतात का हो?"

हसून उत्तर टाळावे असे क्षणभर वाटले; परंतु प्रश्न केवळ बालिश नव्हता. सूर्य शांत असतानाच्या खग्रास ग्रहणात त्याच्या दोन्ही ध्रुवांवर प्रभामंडलाचे तंतू विंचरलेल्या केसांसारखे उभे दिसतात. त्यांच्या बुडाशी तप्त द्रव्याचे फवारे उसळत असतात. चुंबकीय बलरेषा पिळवटतात, तुटून नव्याने जुळतात आणि त्या झटक्यासरशी द्रव्य बाहेर फेकले जाते. २००६ साली सोडलेल्या 'हिनोदे' या जपानी उपग्रहाने असे फवारे मोठ्या संख्येने टिपले. युरोपच्या 'सोलर ऑर्बिटर' यानाने २०२२ साली दक्षिण ध्रुवाजवळ त्याहून सूक्ष्म फवारे पाहिले. आयुष्य २० ते १०० सेकंदांचे, वेग सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर! पृथ्वी जवळजवळ सूर्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरते, म्हणून हा माथा आपल्याला कडेनेच दिसतो. मार्च २०२५ मध्ये त्याच यानाने विषुववृत्ताखाली १७ अंश उतरून दक्षिण ध्रुवाची चित्रे घेतली.

हे नातीला सांगताना मन ओशाळले. १६ फेब्रुवारी १९८० रोजी आम्ही भावंडे हैदराबादेत शाळकरी होतो. त्या दुपारी आजीने दारेखिडक्या लावून घेतल्या. कवडसाही आत येऊ दिला नाही. त्याच वेळी, शहरापासून फार दूर नसलेल्या जपाल-रंगापूरच्या वेधशाळेत शास्त्रज्ञ खग्रास सूर्याचे वेध घेत होते. त्याच्याही ८२ वर्षे आधी, जानेवारी १८९८ मध्ये, पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला ग्रहणाचे वेध घेण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला गेले होते. आजीला दोष कसा द्यावा? तिची भीती मायेचीच होती. पण ती दुपार आमच्या हातून कायमची गेली.

२० मार्च २०३४ रोजी खग्रास ग्रहणाची सावली काश्मीर-लडाखवरून जाणार आहे. तोवर नात मोठी झालेली असेल. तिला तेथे न्यायचे, असे आम्ही त्या घाटावरच ठरवले. डोळ्यांना ग्रहणाचा चष्मा हवाच. दारे मात्र उघडी राहतील.

पाटी आम्ही न पुसता घरी आणली.